वाघाच्या चरबीचा आलेख

एन. एम. आर. मुंबईहून येणार असं कळल्यावर अंबूबाईंनी पुरण शिजत घातलं.

त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. सांगलीकडं मोठ्या माणसाला पुऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. वकील असो, चेअरमन असो, दोन-तीन आद्याक्षरांत माणूस आटोपतो. त्यांचा लेक दादासो जेवताना म्हणाला होता, "आई, उद्या एन. एम. आर. येतोय. लय भारी हाय. इंग्लंडचा हाय." एवढं ऐकून कुणीही पुरणच घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'अंबू अरोमॅटिक्स'च्या फाटकातून ट्रक आत आला. हमालांच्या आरडाओरड्यात आधी दोन पत्र्याची कपाटं खाली आली आणि मग एक चुंबक उतरलं. म्हशीएवढं, आणि हलायला म्हशीइतकंच नाखूश. अंबूबाई बंगल्याच्या पायरीवर पदर सावरून उभ्या होत्या.

"साहेब मागनं येत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"आक्का, हाच साहेब," आकाराम म्हणाला.

पुरणपोळ्या हमालांनी खाल्ल्या.

आकाराम डुबल हा कारखान्याचा केमिस्ट. कराडच्या खालच्या अंगाला त्याचं गाव. घरातली माणसं एकतर उसात नाहीतर पलटणीत. हा एकटाच रसायनशास्त्रात निघाला. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यानं असल्याच एन. एम. आर. यंत्रावर, म्हणजे चुंबकात धरून अणूंची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, बरीच वर्षं काढली होती. मग मुंबई अंगाला लागेना म्हणून तो इकडं परतला आणि दादासोच्या कारखान्यात अगरबत्तीचे नि साबणाचे वास बनवू लागला. त्यातला खपाचा वास मोगऱ्याचा. मोगऱ्याचं एक फूलही न लागता तो भट्टीत तयार व्हायचा. नाव बेंझिल ॲसिटेट, पण कारखान्यात सगळे त्याला मोगराच म्हणायचे.

नोकरी बरी होती. पण माल शुद्ध उतरला का नाही हे तिथं हुंगून ठरवायचे. ज्यानं एकदा अणूंशी समोरासमोर बोलणी केली आहेत त्याला दिवसभर बाटल्यांत नाक खुपसून बसायचं म्हणजे कसं व्हावं? म्हणून त्या दिवशी ट्रकमधून ते धूड उतरताना आकारामला इतकं भरून आलं, की त्यानं सगळ्यांदेखत त्या चुंबकाच्या पाठीवर थाप मारली.

दादासोनं ते काही विज्ञानाच्या ओढीनं आणलं नव्हतं. दादासो हा जुना पैलवान. मुंबईतली एक परदेशी कंपनी गाशा गुंडाळून निघाली होती, तिच्या लिलावात तो स्टीलची भांडी घ्यायला गेला होता. भांड्यांच्या ढिगाबरोबर हे यंत्र गळ्यात पडलं. ट्रक ठरवताना ट्रकवाल्यानं सांगितलं, की असलं यंत्र साऱ्या सांगली जिल्ह्यात कुणाकडं नाही. तेव्हापासून दादासो चालताना छाती जरा पुढं काढून चालू लागला. ते करतं काय, हे त्यानं नंतर विचारलं.

"मालक, हे हायड्रोजनच्या अणूला विचारतं, बाबा, तू कुठं राहतोस? शेजारी कोण?" आकाराम म्हणाला.

"आनि अणू सांगतो?"

"खरं तेच सांगतो."

"मग आमच्या गावच्या तलाठ्यापेक्षा बरा की."

कारखाना आणि दादासोचा बंगला एकाच आवारात. बंगल्याला लागून एक रिकामी खोली होती, तिथं यंत्र मांडलं. चुंबक तापू नये म्हणून विहिरीचं पाणी नळीनं आत घेतलं. वीज जोडली. दादासो कौतुकानं वाकून बघायला गेला आणि त्याचं मनगटी घड्याळ जे बंद पडलं ते पडलंच. एका फिटरचा पाना हातातून सुटून चुंबकाला जाऊन चिकटला. दोघांनी पाय लावून ओढला तेव्हा निघाला. त्यानंतर त्या खोलीत जाणारा प्रत्येक जण आधी दाराशी खिसे रिकामे करायचा, देवळात चपला काढाव्यात तसा.

पहिली चाचणी आकारामनं मोगऱ्याचीच घेतली. पेन्सिलीपेक्षा बारीक अशा काचेच्या नळीत थोडा मोगरा, थोडं कार्बन टेट्राक्लोराइड. त्यात हायड्रोजन नसतो, म्हणून ते मध्ये बोलत नाही. नळी चुंबकाच्या जबड्यात सोडली. हवेच्या झोतानं ती गरगर फिरू लागली, कागद सरकू लागला आणि निळ्या शाईच्या पेननं सरळ रेघ ओढता ओढता एकदम एक डोंगर काढला. मग सपाटी. मग दुसरा डोंगर. मग लांब सपाटी आणि तिसरा. आकारामनं डोंगरांची मापं घेतली. पाचास दोनास तीन. मोगऱ्याच्या रेणूत हायड्रोजन असेच बसलेले असतात: पाच कड्यावर, दोन मधल्या सांध्यात आणि तीन शेपटाला. चौथा डोंगर कुठंच नाही, म्हणजे भेसळ नाही. त्यानं तो कागद भिंतीला लावला आणि त्या दिवशी डबा खायचा विसरला.

त्या आठवड्यात अंबूबाई दहिवडीला लेकीकडं गेल्या होत्या. हे महत्त्वाचं आहे, पण आकारामला ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या परत आल्या आणि लगोलग मिरजेचा याकूब अत्तार येऊन थडकला. याकूबभाई मोगऱ्याचं मोठं गिऱ्हाईक. अत्तरं, अगरबत्त्या, सुगंधी तेलं असं त्याचं दुकान. तरुणपणी तो आणि दादासो एकाच तालमीत लाल मातीत लोळलेले. त्यामुळं दोघांचं भांडणही कुस्तीसारखं चालायचं, आधी हात मिळवून.

"दादासो, लेका, तुजा मोगरा तेलकट झालाय," याकूब खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. त्यानं खिशातून एक चपटी बाटली काढली, रुमालावर थेंब टाकला आणि रुमाल दादासोच्या नाकापुढं धरला. वास मोगऱ्याचा होता. पण थोड्या वेळानं वास उडाला आणि रुमालावर पिवळसर डाग तसाच राहिला. "बघ. मोगरा उडून जायाला पायजे. ह्यो डाग कसला? गिऱ्हाईकं हासत्यात मला. म्हणत्यात, याकूबभाई, अत्तर इकताय का भजी?"

दादासोचा चेहरा लाल झाला. "माज्या मालात तेल? आरं, माज्याकडं यंत्र हाय. अणू खरं बोलतो."

"मग बोलू दे की!"

"बोलला आनि माल चोख निघाला तर?"

"तर तुला खांद्यावर घिऊन साऱ्या वसाहतीला चक्कर मारीन. आनि तेल निघालं तर तू मला घ्यायचा."

दोघांनी टाळी दिली. दोघेही शंभर किलोच्या आसपासचे. आकारामला पहिल्यांदाच वाटलं, की यंत्रावर आपण नको तेवढी भिस्त ठेवतोय.

त्याच दुपारी याकूबच्या बाटलीतला मोगरा नळीत घातला. याकूब, दादासो आणि चार कामगार खिसे रिकामे करून भिंतीला टेकून उभे राहिले. पेन निघालं. पहिला डोंगर यायच्या ठिकाणी आलं आणि थरथरायला लागलं. डोंगराऐवजी करवतीचे दाते उमटले. पुढं पुन्हा दाते. सगळा कागद असा दिसू लागला जणू त्यावरून खेकडा चालत गेलाय.

"ह्ये काय बोलला अणू?" याकूबनं विचारलं.

"अणू तोतरा हाय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

आकारामनं पुन्हा केलं. पुन्हा दाते. भिंतीवर ज्याचा कागद लावला होता तो शुद्ध मोगरा परत नळीत घालून बघितला, त्यालाही दाते. म्हणजे माल नव्हे, यंत्रच बिघडलं होतं. याकूब म्हणाला, "दोन दिवसांनी येतो. तवर यंत्राला वाचा फुटू दे," आणि बाटली टेबलावर ठेवून निघून गेला. दादासो बंद पडलेल्या घड्याळाकडं बघत बसला, आणि ते आकारामला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आकारामनं शोध सुरू केला. तारा तपासल्या. पाण्याची नळी तपासली. बाहेरची मोटारसायकल लांब लावायला सांगितली. वसाहतीच्या रस्त्यानं जाणारे ट्रक मोजायला एका माणसाला बसवलं. तो झाडाखाली झोपी गेला. दाते काही जाईनात. आकाराम हैराण होऊन स्टुलावर बसला, डोकं भिंतीला टेकलं आणि पेनाकडं नुसता बघत राहिला. पेन थरथरलं, थांबलं. थरथरलं, थांबलं. आणि भिंतीच्या पलीकडून आवाज येत होता: कर्र... कर्र. पेन थरथरलं की कर्र. कर्र झालं की पेन थरथरलं.

तो उठला, खोलीला वळसा घालून बंगल्याच्या व्हरांड्यात गेला.

भिंतीच्या त्या बाजूला अंबूबाई झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. झोपाळा साधासुधा नव्हता. आईचं वजन आणि आपली ऐपत दोन्ही ध्यानात घेऊन दादासोनं तो वसाहतीतल्याच एका वर्कशॉपमधून लोखंडी चॅनेलचा करून घेतला होता. त्यावर बैलानं झोका घेतला असता तरी तो वाकला नसता. एवढं लोखंड चुंबकापासून चार पावलांवर मागं-पुढं हेलकावत होतं.

"आक्का," आकाराम हात जोडून म्हणाला, "जरा झोका थांबवता का?"

"का रं? कोन गेलं का?"

"कुणी नाही गेलं. तुमच्या झोक्यानं आमचे अणू बिथरत्यात."

अंबूबाईंनी पायानं झोका थांबवला, पण तो आकारामला नीट बघता यावं म्हणून. "माज्या घरात मी झोका घ्यायचा का न्हाई ते आता तुजं अणू ठरवनार? सकाळी उठल्यापास्नं मी हितं बसती. हितंच भाजी निवडती, हितंच जपमाळ वडती. माज्या लगनातबी मी येवढा वेळ खाली बसले न्हवते."

"मग दुपारी झोपता तेव्हा आम्ही..."

"तवा लाइट जाती."

हे खरं होतं. त्या झोपायच्या वेळेला वसाहतीतली वीज नेमानं जायची. आकाराम पायरीवर बसला. त्याला वाटलं, निदान कळलं तरी पाहिजे ह्यांना, आपण कशासाठी विनवतोय.

"आक्का, हायड्रोजनचा अणू लय बारका. त्याच्या पोटात एक गाभा असतो. तो म्हणजे एवढंसं लोहचुंबक, भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरणारं. मोठ्या चुंबकात ठेवलं की ते भोवऱ्यासारखंच डोलायला लागतं, एका ठरलेल्या ठेक्यात."

"बरं."

"मग आम्ही त्याच्यावर रेडिओची लहर सोडतो. लहरीचा ठेका आणि त्याच्या डोलण्याचा ठेका जुळला की तो ती लहर गिळतो आणि उलटा होतो. ठेका नाही जुळला तर ढिम्म. कोणत्या ठेक्याला गिळली ते पेन कागदावर काढतं. तोच डोंगर."

अंबूबाईंनी पाय टेकवून झोक्याला एक रेटा दिला. "म्हंजे ह्या झोक्यागत. येळंला पाय टेकला तर चढतो, भलत्या येळंला टेकला तर आडतो."

"अगदी तसंच."

"मग समद्यांचा ठेका येकच असंल की. त्यात कळतं काय?"

"तिथंच तर गंमत हाय. प्रत्येक गाभ्यावर इलेक्ट्रॉनांची सावली असते. कुणावर दाट, कुणावर विरळ. दाट सावलीत बसलाय त्याला चुंबकाचा जोर जरा कमी जाणवतो, त्याचा ठेका निराळा. ऑक्सिजनच्या शेजारी बसलाय त्याची सावली ऑक्सिजन ओढून घेतो. तो उन्हात. त्याचा ठेका आणखी निराळा. फरक दहा लाखांत दोन-चार एवढाच, पण त्यावरून कोण कुठं बसलंय ते कळतं. आणि डोंगर केवढा, त्यावरून तिथं किती जण ते कळतं."

"वायीट शेजारी सावलीसुदिक ठिवत न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं कुणीतरी उभं राहिलं असावं.

"आता फरकच एवढा बारका, आणि तुमचा झोपाळा पुढं आला की चुंबकाचा जोर तेवढाच हलतो, मागं गेला की परत हलतो. सगळे अणू गोंधळतात. आपण उन्हात का सावलीत त्यांना कळेना."

अंबूबाईंनी हातातली शेंग फोडून दाणे पदरात टाकले. मग म्हणाल्या, "ह्ये यंत्र खरं बोलतं म्हनतोस?"

"होय."

"कुनाच्याबी तेलाचं सांगंल?"

"सांगेल."

त्या आत गेल्या आणि एक चपटी बाटली घेऊन आल्या. त्यात पिवळं तेल होतं. "ह्यी वाघाची चरबी. हरिबा मिल्ट्रीवाला इकतो. आसामात पलटणीत असताना त्यानं सोता मारलेला वाघ. माजा गुडगा ह्यानं बरा झाला. दादासो हासतो मला, म्हनतो, कसला वाघ न् कसलं काय. तुज्या यंत्राकडनं कागदावर लिवून आन, वाघच हाय म्हनून. तवर मी झोका हलवत न्हाई. दादासोच्या तोंडावर कागद मारती आनि मग बग."

आकारामनं बाटली घेतली.

अंबूबाई शब्दाला पक्क्या. झोपाळ्यावर मूर्तीसारख्या बसून राहिल्या. वाघाचं तेल नळीत गेलं, आणि पेननं न थरथरता डोंगर काढले. एक तर असा भलामोठा, की पेन कागदाच्या वरच्या कडेला जाऊन आलं. बाकीचे आजूबाजूला लहान टेकड्यांसारखे. पण हा वाघ आहे की नाही हे ओळखायचं कसं? तुलनेला दुसरा वाघ नव्हता. आकारामनं स्वयंपाकघरातून वाटीभर शेंगदाण्याचं तेल मागवलं आणि वाघाच्या जागी निदान कुठल्यातरी प्राण्याची चरबी असावी म्हणून खाटकाकडून बोकडाची आणली.

बोकडाच्या चरबीत एक टेकडी जवळजवळ नव्हतीच, आणि दुसरी बसली होती. वनस्पतीच्या तेलातल्या लांब साखळ्यांत जिथं दोन-दोन दुहेरी जोड असतात तिथले हायड्रोजन ती टेकडी काढतात. बोकडाला असले जोड कुठून असणार? शेंगदाण्याचं तेल मात्र टेकडीला टेकडी, डोंगराला डोंगर जुळलं. आकारामनं दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघ एकच दिसली.

खोटं सांगावं का, असं त्याच्या मनात आलं. पण ज्या यंत्राच्या खरेपणावर इतकं बोलून झालं होतं, त्याच्या पहिल्याच महिन्यात ते त्याच्यानं होईना. तो व्हरांड्यात गेला.

"आक्का, हे शेंगदाण्याचं तेल हाय. तुमच्या घरातलं आणि हे एकच."

अंबूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग उठायला पाय टेकला आणि किंचाळल्या, "आई गं! माजा गुडगा!"

गुडघा जो त्या क्षणी दुखायला लागला तो थांबेचना. दादासो धावत आला, कामगार धावत आले. चौघांनी त्यांना उचलून पलंगावर निजवलं. जाता जाता त्या आकारामकडं बोट करून म्हणत होत्या, "बरा झालेला गुडगा! तुज्या यंत्रानं परत आजारी पाडला!"

दादासोनं आकारामला बाजूला घेतलं. "तुला खोटं बोलायला काय झालं हुतं?"

"मालक, तुम्हीच म्हणालात, अणू खरं बोलतो."

"अणूला बोलू दे. तू गप बसायचं हुतंस."

दुसऱ्या दिवशी याकूबभाई आला तेव्हा व्हरांड्यातला झोपाळा जागच्या जागी लटकत होता आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता. आकारामनं याकूबच्या बाटलीतला मोगरा नळीत घातला. पेन निघालं. पहिला डोंगर आला, सुरेख. दुसरा आला. तिसरा आला. दादासोनं मुठी आवळल्या. आणि मग, जिथं सपाटी असायला हवी तिथं, एक उंच डोंगर चढला. भोवती टेकड्या.

"तेल!" याकूब ओरडला. "बोलला अणू! वाक, दादासो, वाक! मी चढतो!"

दादासो खरोखरच वाकायला निघाला होता. पण आकाराम त्या टेकड्यांकडं बघत होता. त्या त्याच्या ओळखीच्या होत्या. त्यानं टेबलावरून कालचा वाघाचा कागद उचलला, नव्या कागदावर ठेवला आणि खिडकीशी गेला.

"याकूबभाई," तो हळूच म्हणाला, "ही बाटली आधी कशाची होती?"

"बाटली? बाटली घरातली. दुकानात वास दाखवायला ठेवलीय. गरम पान्यानं इसळून घेतली."

"पण आधी त्यात काय होतं?"

याकूबभाई कानाची पाळी चोळत म्हणाला, "वाघाची चरबी. हरिबाकडनं घेतली हुती. तालमीतला गुडगा हाय माजा, थंडीत धरतो. ह्या तेलानं येकदम..."

"शेंगदाण्याचं तेल हाय ते," दादासो म्हणाला. आणि सगळे याकूबच्या गुडघ्याकडं बघू लागले, कारण सगळ्यांना पुढं काय होणार ते कळलं.

पिंपातला मोगरा याकूबसमोर ताजा काढला, नवीन नळीत घातला. तीन डोंगर, बाकी सपाटी. माल चोख होता. डाग बाटलीचा होता. याकूबनं मान्य केलं. तालमीतला माणूस, शब्द फिरवणार नाही. "चल, बस खांद्यावर," तो म्हणाला आणि आवारात उकिडवा बसला.

दादासो बसला. याकूब "या अली!" म्हणून उठला. अर्धाच उठला. "गुडगा!" एवढंच त्याच्या तोंडून आलं, आणि दोघेही अगरबत्तीच्या भुश्शाच्या ढिगात कोसळले. भुस्सा उडाला, कामगार शिंकायला लागले. दादासो आधी बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत चंदनी. याकूब ढिगातच बसून होता. "उठवत न्हाई रं, गड्या. ह्या शेंगदाण्याच्या तेलानं घात केला."

शेवटी जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला खांद्यावर घेऊन बंगल्यात नेलं. अंबूबाईंच्या पलंगाशेजारी दुसरी खाट टाकली. दोघं एकाच सुरात कण्हू लागली. मिरजेहून मेहरुनबी नवऱ्याला बघायला आली, तिनं दोन्ही पेशंट बघितले आणि म्हणाली, "एका तेलानं बऱ्या झालेल्या दोघांला एका कागदानं आजारी पाडलं. त्यो कागद जाळा न्हाईतर त्या हरिबाला बलवा."

कागद जाळायला आकाराम तयार नव्हता. हरिबाला बोलावलं.

हरिबा आला. अंगात जुना हिरवा लष्करी कोट, छातीवर एक पदक. ते पलटणीचं की शाळेचं कळत नव्हतं. आल्या आल्या त्यानं पलंगापुढं कडक सॅल्यूट ठोकला.

"मुडद्या," अंबूबाई उठून बसल्या, "वाघ कुटं हाय?"

आकारामनं कागद पुढं केले. हरिबानं ते उलटसुलट बघितले. शेंगदाणा, यंत्र, टेकड्या, सगळं त्याला समजावून सांगितलं. आकारामला वाटलं, आता हा पळेल. दादासो दारात आडवा उभा राहिला.

पण हरिबाचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजे ह्या कागदावर शाबित व्हतंय का, ह्यात वाघ न्हाई म्हनून?"

"पक्कं."

"पयल्यापास्नंच नव्हता असं?"

"नव्हताच."

हरिबा मटकन खाली बसला आणि त्यानं आकारामचे पाय धरले. "सायेब, वाचवलंत! आवं, वाघाची शिकार बंद झालीया सरकारी कायद्यानं. महिनाभर फॉरेस्टवाला माज्या मागं लागलाय. म्हनतो, तू भर बाजारात वाघाची चरबी इकतोस, तुला आत टाकतो. मी आईची आन घिऊन सांगतोय, सायेब, शेंगदाना हाय! त्याला पटंना. म्हनतो, समदे गुन्हेगार असंच म्हनत्यात. ह्यो कागद मला द्या. पाया पडतो."

"आनि आमचे गुडगे?" याकूब खाटेवरून ओरडला.

"गुडगे व्हय?" हरिबानं कोटाच्या बाह्या वर सारल्या. "वाघ नसला तरी हात माजं हायती का न्हाई? मी पयल्या टायमाला चोळून दिलं हुतं, ध्यानात हाय का? लष्करी चोळनं हाय ते. तेल काय, घसरायपुरतं." आणि त्यानं अंबूबाईंच्या स्वयंपाकघरातलंच तेल वाटीत घेऊन दोन्ही पेशंटांचे गुडघे असे रगडले की आधी दोघं ओरडली, मग गप्प झाली आणि संध्याकाळी चहा प्यायला पायांनी चालत व्हरांड्यात आली.

अंबूबाई पुन्हा झोपाळ्यावर बसल्या. दादासोनं बारा माणसं लावून चुंबक आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदामापलीकडं हलवलं. आईला हलवण्यापेक्षा ते सोपं होतं. आकारामनं वाघाच्या कागदाची हरिबासाठी सहीनिशी नक्कल करून दिली. फॉरेस्टवाल्यानं ती बघितली, त्याला काहीच कळलं नाही, आणि न कळल्यामुळं त्याचा पूर्ण विश्वास बसला.

महिना-दीड महिन्यानं आकाराम कामानं मिरजेला गेला होता. लक्ष्मी मार्केटाबाहेर गर्दी दिसली म्हणून डोकावला. मध्ये हरिबा उभा. कोट तोच. मागं फळ्यावर तो आलेख मोठा काढून रंगवलेला, डोंगर लाल, टेकड्या हिरव्या. हातात वेताची छडी.

"मंडळी, ह्यो अणूचा फोटू!" हरिबा सांगत होता. "इंग्लंडच्या यंत्रानं काढल्याला. वाघ-बिघ समदं थोतांड, त्येंच्या नादी लागू नका. ह्ये शास्त्राचं तेल. ह्यी बारकी टेकडी हाय का, ह्यी गुडग्याची. ह्यी कंबरंची. आनि ह्यो मोठा डोंगर दिसतोय न्हवं? ह्यो संधिवात!"

आकारामला राहवेना. तो गर्दीतून पुढं घुसला. त्याला सांगायचं होतं, की तो मोठा डोंगर लांब साखळीतल्या हायड्रोजनांचा आहे, संधिवाताचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यानं तोंड उघडलंही. पण हरिबानं त्याला बघितलं, छडी काखेत मारली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"आनि ह्ये बघा, मंडळी, खुद्द यंत्राचं सायेब! नाव हाय एन. एम. आर.! सोता आल्यात तेल घ्यायला!"

सगळी गर्दी वळून आकारामकडं बघू लागली. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. आकारामनं तोंड मिटलं, खिशातून पैसे काढले आणि एक बाटली घेतली.

घरी आल्यावर बायकोनं, अंजनानं, विचारलं, "ह्ये काय आनलंय?"

"शेंगदाण्याचं तेल," तो म्हणाला.

तिनं त्यात वांगी परतली. चांगली झाली होती.